रामटेकची टेकडी आणि तिच्या दोन रामकथा

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाला आपल्या मुलखाची वेस नेमकी कोठे लागते, असे विचारले तर प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. इंदूरकराचे वेगळे, बेळगावकराचे वेगळे, बडोदेकराचे वेगळे. रायपूरच्या मराठी घरांतून मात्र एक नाव हमखास ऐकू येते, ते म्हणजे रामटेक. नागपूरच्या ईशान्येस सुमारे ५० किलोमीटरवर असलेली ही टेकडी फार उंच नाही. तरीही तिच्याभोवती जितक्या कथा गोळा झाल्या आहेत, तितक्या सह्याद्रीच्या एखाद्या मोठ्या शिखराभोवतीही क्वचितच असतील. माथ्यावर राम-लक्ष्मणांची मंदिरे, उतारावर नरसिंहाची प्राचीन देवालये, पायथ्याशी अंबाळा तलाव आणि दुसऱ्या अंगाला सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांचे दिगंबर जैन क्षेत्र. हिंदू आणि जैन या दोन्ही समाजांचे यात्रेकरू येथे शतकानुशतके येत आहेत.

या लेखात या टेकडीच्या आख्यायिकांचा थोडा इतिहास सांगायचा आहे. परंतु हेतू केवळ तीर्थमाहात्म्य सांगण्याचा नाही. प्रशासनात काम करणाऱ्याच्या टेबलावर आख्यायिका वारंवार येतात. कधी अर्जाच्या रूपाने, कधी पर्यटनाच्या आराखड्याच्या रूपाने, तर कधी मिरवणुकीच्या मार्गावरून उद्भवलेल्या तंट्याच्या रूपाने. तेव्हा शासनाने आख्यायिकेचे काय करावे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचा विचार करण्यास रामटेकइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

एकाच प्रांताची दोन टोके

प्रथम रायपूर आणि रामटेक यांचा संबंध स्पष्ट केला पाहिजे. आज दोहोंच्या मध्ये राज्याची सीमा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी ती नव्हती. १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला तेव्हापासून रायपूर आणि नागपूर हे एकाच प्रांताचे जिल्हे होते व प्रांताची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत नागपूर जिल्हा मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले आणि १ नोव्हेंबर २००० रोजी त्याचे स्वतंत्र राज्य झाले.

इंग्रजांच्या आधी हा दुवा भोसल्यांनी जोडला होता. १७४१ साली भास्करपंत कोल्हटकरांनी रतनपूरच्या हैहयवंशी राजावर स्वारी केली आणि छत्तीसगड नागपूरकरांच्या वर्चस्वाखाली आले. पुढे १७५८ मध्ये रघूजी पहिले यांचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी तेथून कारभार पाहिला. नागपूरच्या भोसल्यांचे रामटेकवर विशेष लक्ष होते. रघूजी पहिले यांनी तेथील मंदिरांचा जीर्णोद्धार केला, आणि गडाच्या तटबंदीतील व दरवाजांतील बराच भाग भोसलेकालीन आहे. बिंबाजींनी रतनपूरला एका टेकडीवर राममंदिर बांधले. त्या टेकडीला लोक आजही ‘रामटेकरी’ म्हणतात. बिलासपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरील या मंदिराच्या पायऱ्या चढताना विदर्भातून आलेल्या माणसाला नाव आणि बांधणी दोन्ही ओळखीची वाटतात. घर सोडून दूर आलेल्या माणसांनी आपल्या देवाबरोबर त्याची टेकडीसुद्धा आणली, असे म्हणण्यास हरकत नाही. परदेशात मंदिर उभारणाऱ्या मराठी कुटुंबांना ही वृत्ती समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

टेकडीचे स्थळपुराण

रामटेकच्या नावाचीच उकल तीन प्रकारे केली जाते. ‘टेक’ म्हणजे प्रतिज्ञा. दंडकारण्यातील ऋषींच्या तपात विघ्ने आणणाऱ्या राक्षसांचा नाश करण्याची प्रतिज्ञा रामाने येथे केली, असे काही जण सांगतात. वनवासात राम येथे टेकला, म्हणजे विसावला, असे दुसरे सांगतात. टेक म्हणजे सरळ टेकडी, हे तिसरे आणि भाषेच्या दृष्टीने सर्वांत साधे स्पष्टीकरण. टेकडीचे जुने नाव सिंदूरगिरी. तिचा दगड फोडला असता आतून शेंदरी रंगाचा दिसतो. नरसिंहाने हिरण्यकशिपूचे पोट फाडले, त्या रक्ताने डोंगर लाल झाला, अशी कथा या रंगाला जोडलेली आहे. पायथ्याच्या अंबाळा तलावाला अंब नावाच्या राजाची गोष्ट आहे. येथील पाण्याने त्याचे कुष्ठ बरे झाले, असे मानतात. वर चढताना वराहाची भव्य एकाश्म मूर्ती लागते. तिच्या पायांमधून जो सुटतो तो निष्पाप, अशी समजूत असून हौशी यात्रेकरू आपल्या पुण्याची परीक्षा तेथे देऊन पाहतात.

परंतु या सर्वांहून गंभीर कथा शंबूकाची आहे. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात ती येते. एका ब्राह्मणाचा मुलगा अकाली मरण पावतो, त्याचे कारण कोठेतरी शूद्र तप करीत आहे असे सांगितले जाते, आणि राम दक्षिणेकडे जाऊन शैवल पर्वताजवळ सरोवराकाठी उलटे टांगून तप करणाऱ्या शंबूकाचा वध करतो. रामटेकच्या परंपरेप्रमाणे ही घटना याच टेकडीवर घडली. येथील कथेचा शेवट मात्र उत्तरकांडापेक्षा वेगळा आहे. मरताना शंबूकाने वर मागितले. रामाने येथेच कायम राहावे, आपल्या देहाचे लिंग होऊन त्याची पूजा व्हावी, आणि रामाच्या दर्शनाआधी यात्रेकरूंनी आपले दर्शन घ्यावे. हेच धूम्रेश्वर किंवा धूम्राक्ष. लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातील, म्हणजे सुमारे सातशे वर्षांपूर्वीचा, एक खंडित शिलालेख आहे. त्यात टेकडीवरील तीर्थांचे माहात्म्य वर्णिलेले असून शंबूकाचा उल्लेखही आहे. तेव्हा ही कथा अलीकडे कोणी जोडलेली नाही.

या कथेकडे आजचा वाचक स्वस्थ चित्ताने पाहू शकत नाही, आणि पाहूही नये. जन्मामुळे तपाचा अधिकार नाकारलेला मनुष्य, आणि त्याला मारणारा राजा. ज्योतीराव फुले आणि डॉ. आंबेडकर यांच्या महाराष्ट्रात ही कथा वाचताना प्रश्न पडलाच पाहिजे. रामटेकच्या स्थळपुराणाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे, असे मी म्हणणार नाही. परंतु त्याने मारल्या गेलेल्याची आठवण पुसली नाही. उलट देवाच्या दारात ती आधी ठेवली. ज्याला अधिकार नाकारला त्याच्यासमोर आधी डोके टेकवल्याशिवाय राजाचे दर्शन पूर्ण होत नाही, हा नियम ज्या कोणी घालून दिला असेल, त्याच्या मनात काहीतरी खटकत असले पाहिजे.

जैन परंपरेतील राम आणि शंबूक

आता टेकडीच्या दुसऱ्या अंगाला जाऊ. शांतिनाथाची मूर्ती कायोत्सर्ग मुद्रेतील, म्हणजे उभी, आणि सुमारे तेरा फूट उंचीची आहे. ती कशी सापडली याची आख्यायिका नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या नावाने सांगितली जाते. आप्पासाहेबांची सत्ता १८१६ ते १८१८ अशी अल्पकाळ टिकली. ते रामटेकला दर्शनास आले असता त्यांच्याबरोबर वर्धमान सावजी हे जैन कारभारी होते. राजाने रामाचे दर्शन घेऊन भोजन केले. सावजींनी मात्र अन्नाला हात लावला नाही. जिनदर्शनावाचून जेवायचे नाही, असा त्यांचा नेम होता. राजाने आजूबाजूस शोध घेण्याची आज्ञा केली आणि जंगलात ही मूर्ती मिळाली. पुढे तेथे मंदिरे उभी राहिली.

या गोष्टीची ऐतिहासिक सत्यता तपासणे कठीण आहे. तिच्यातील प्रशासनविषयक बोध मात्र मला मोलाचा वाटतो. राजाचा देव एक, कारभाऱ्याचा दुसरा. राजाने कारभाऱ्याला आपल्या देवाचा प्रसाद घेण्याचा आग्रह केला नाही. कारभाऱ्यानेही राजाच्या श्रद्धेविषयी ब्र काढला नाही. त्याने फक्त आपला नेम पाळला, आणि राजाने तो पाळता यावा म्हणून आपली माणसे कामाला लावली. दोन समाज एका टेकडीवर कसे राहू शकतात याचे लोकांनी रचलेले हे चित्र आहे. ते शब्दशः घडले नसले, तरी लोकांना ते घडावेसे वाटले, ही गोष्ट इतिहासाची आहे.

जैनांचे रामकथेशी असलेले नाते याहून खूप जुने आहे. विमलसूरींचे प्राकृतातील पउमचरिय आणि सातव्या शतकातील रविषेणाचे संस्कृत पद्मपुराण यांत रामाचे नाव पद्म आहे. तो अहिंसेचे व्रत शेवटपर्यंत पाळण्याच्या वाटेवर असलेला पुरुष असल्यामुळे रावणाचा वध त्याच्या हातून होत नाही, लक्ष्मणाच्या हातून होतो. पुढे राम मुनी होतो आणि मोक्षास जातो. आपल्या नाशिक जिल्ह्यातील मांगी-तुंगी हे त्याच्या निर्वाणाचे स्थान मानले जाते. या ग्रंथांत वंशगिरी नावाच्या पर्वताची हकीकत आहे. देशभूषण आणि कुलभूषण या दोन मुनींवर तेथे उपसर्ग, म्हणजे संकट, आले असता राम-लक्ष्मणांनी त्यांचे रक्षण केले. मग रामाने त्या पर्वतावर जिनमंदिरे बांधविली आणि तेव्हापासून त्याला रामगिरी म्हणू लागले. आज या दोन मुनींचे मुख्य क्षेत्र धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरी येथे आहे. परंतु रामगिरी या नावामुळे ही हकीकत रामटेकशीही जोडली गेली.

शंबूकही जैन रामायणात आहे. तेथे तो चंद्रनखेचा, म्हणजे आपल्या शूर्पणखेचा, मुलगा. सूर्यहास नावाचे दिव्य खड्ग मिळावे म्हणून तो दंडकारण्यात वेळूच्या बेटात बसून तप करीत असतो. खड्ग प्रकट होते, पण तेवढ्यात तेथे आलेला लक्ष्मण ते उचलतो आणि त्याची धार पाहण्यासाठी वेळूच्या बेटावर चालवतो. बेट कापले जाते, आणि आत बसलेल्या शंबूकाचे मस्तकही. लक्ष्मणाला तो तेथे आहे हे ठाऊकही नसते. पुढच्या युद्धाची ठिणगी येथेच पडते.

वाचकांनी या दोन कथा शेजारी ठेवून पाहाव्यात. नाव तेच, अरण्य तेच, तप तेच, खड्गाने येणारा मृत्यू तोच. एकीत वर्णाचा नियम मोडल्याची शिक्षा आहे, दुसरीत अजाणता घडलेली हिंसा आहे. पहिली कथा विचारते, तपाचा अधिकार कोणाला? दुसरी विचारते, न पाहता चालवलेल्या शस्त्राचे पाप कोणाचे? दोन समाजांनी एकाच आठवणीला आपापल्या नीतीचे प्रश्न विचारले. यांतील ‘खरी’ कोणती, हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो.

रामगिरी नेमका कोठे?

छत्तीसगडमध्ये राहणाऱ्याला आणखी एका वादाची ओळख लवकरच होते. कालिदासाच्या मेघदूतातील यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष काढत होता, तो पर्वत कोणता? टीकाकार मल्लिनाथाने तो चित्रकूट मानला. १८१३ साली मेघदूताचे इंग्रजी भाषांतर करणाऱ्या होरेस हेमन विल्सन यांनी नागपूरजवळच्या रामटेककडे बोट दाखविले. छत्तीसगडमध्ये मात्र सरगुजा जिल्ह्यातील रामगढ हाच रामगिरी, असे ठामपणे सांगितले जाते. तेथे सीताबेंगरा आणि जोगीमारा या प्राचीन गुहा आहेत. जोगीमाऱ्यातील ब्राह्मी लेखात सुतनुका नावाची देवदासी आणि तिच्यावर प्रेम करणारा देवदिन्न यांचा उल्लेख आहे. सीताबेंगऱ्याची रचना पाहून ती प्राचीन नाट्यशाळा असावी, असे मत मांडले गेले. आषाढाच्या पहिल्या दिवशी रामगढला महोत्सव भरतो. इकडे रामटेकला महाराष्ट्र शासनाने कालिदासाचे स्मारक उभारले आणि १९९७ मध्ये कालिदासाच्याच नावाचे संस्कृत विश्वविद्यालय तेथे स्थापन झाले. एका यक्षाचा पत्ता दोन राज्यांनी दिलेला आहे.

पुराव्याचा कल कोणीकडे आहे, हे सांगणे अवघड नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे सापडलेला वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट रामगिरीस्वामींच्या चरणांपासून दिलेला आहे. ही राणी चंद्रगुप्त दुसरा याची कन्या. तिच्या घराण्याची राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकच्या पायथ्यापासून जवळच असलेले नगरधन. तेथील अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली आहे. रामटेकवरील केवल नरसिंह मंदिरातील शिलालेख याच घराण्यातील स्त्रियांशी संबंधित आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३ ते १९८५) यांनी हे सर्व धागे जुळवून रामटेकचा पक्ष मांडला. पाचव्या शतकात ही टेकडी रामगिरी म्हणून प्रसिद्ध होती आणि तेथे पूजा चालत होती, एवढे आता निश्चित म्हणता येते. कालिदासाने रामाच्या पदचिन्हांचा व सीतेच्या स्नानाने पावन झालेल्या जलाचा जो निर्देश केला आहे, तो या परिसराशी सहज जुळतो.

रिद्धपूरचे नाव या कथेत आणखी एकदा येते. तेराव्या शतकात गुजरातचा हरिपाळदेव रामटेकच्या यात्रेसाठी घराबाहेर पडला. वाटेत रिद्धपूरला त्याची गोविंदप्रभूंशी भेट झाली, आणि तो महानुभाव पंथाचा प्रवर्तक चक्रधर झाला, असे त्या पंथाची परंपरा सांगते. मराठी गद्याच्या आरंभाशी निगडित असलेल्या या पुरुषाचे प्रस्थान रामटेकच्या दिशेने झाले होते, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

बौद्ध परंपराही या परिसराला सोडून नाही. टेकडीवर नागार्जुनाच्या नावाची गुहा दाखवतात. शेजारच्या मनसर येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननात विटांची प्रचंड वास्तू प्रकट झाली. कोणी तिला वाकाटकांचे प्रवरेश्वर हे शिवमंदिर मानतात, तर कोणी बौद्ध स्थान. ते उत्खनन करणाऱ्यांपैकी अरुणकुमार शर्मा यांनीच छत्तीसगडमधील सिरपूरचेही मोठे उत्खनन केले. ह्युएनत्संग याने आपल्या कोसलच्या वर्णनात नागार्जुनाची हकीकत दिली असल्याने नागार्जुनावरही दोन्हीकडून हक्क सांगितला जातो. रामाचे जे झाले तेच नागार्जुनाचे झाले.

रायपूरच्या लोकांना दूर जाण्याचीही गरज नाही. शहरापासून सुमारे ३६ किलोमीटरवरील आरंग येथे भांड देऊळ हे उत्कृष्ट जैन मंदिर आहे. त्यात तीन तीर्थंकरांच्या उभ्या मूर्ती आहेत. त्याच आरंगचे नाव मोरध्वज राजाने अतिथीसाठी आपल्या पुत्राला ज्या करवतीने, म्हणजे ‘आऱ्याने’, चिरले तिच्यावरून पडले, असे लोक सांगतात. एकाच गावात वैष्णव दानशूरतेची कथा आणि जिनांचे देऊळ सुखाने नांदतात. नागपूर-रायपूर लोहमार्गावरील डोंगरगडही तसेच आहे. तेथे एका डोंगरावर बमलेश्वरी देवी आणि जवळच चंद्रगिरी हे जैन तीर्थ. रामटेकला अनेक चातुर्मास केलेले दिगंबर जैन आचार्य विद्यासागर यांनी १८ फेब्रुवारी २०२४ रोजी देह ठेवला तो याच चंद्रगिरीवर. राज्याची सीमा आली, तरी यात्रेकरूंची वाट तीच राहिली.

तीन वह्या

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. शासनाने आख्यायिकेचे काय करावे?

मध्य प्रांताच्या जुन्या कारभारात या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर आढळते. तेथे तीन वह्या वेगवेगळ्या होत्या. पहिली वही जमिनीच्या हक्काची, म्हणजे आपल्या छत्तीसगडमधील खसरा आणि बी-१, महाराष्ट्रातील सातबारा. जमीन कोणाच्या नावे आणि कोणाच्या वहिवाटीत, एवढेच तीत लिहायचे. दुसरी वही वाजिब-उल-अर्ज. गावातील वाटेचा, पाण्याचा, मासेमारीचा आणि इतर रूढ वहिवाटींचा हक्क तीत नोंदवायचा. छत्तीसगडला लागू असलेल्या १९५९ च्या भू-राजस्व संहितेत ती २४२ व्या कलमात आजही आहे. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल संहितेतही निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे दोन्ही शब्द टिकून आहेत. तिसरी वही गॅझेटियर. त्यात लोक काय सांगतात ते ‘असे म्हणतात’ या शब्दांसह लिहायचे.

या तिसऱ्या वहीचे आदर्श काम ज्यांनी केले त्यांत रायबहादूर हिरालाल (१८६७ ते १९३४) यांचे नाव अग्रभागी घेतले पाहिजे. कटनीच्या या गृहस्थांनी महसूल खात्यात नोकरी करीत डेप्युटी कमिशनरच्या पदापर्यंत मजल मारली. रसेल यांच्याबरोबर मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ सिद्ध केला आणि प्रांतातील शिलालेखांची सूची १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या लेखनाची रीत पाहण्यासारखी आहे. शिलालेखात काय आहे ते एकीकडे, गावकरी काय सांगतात ते दुसरीकडे. गावकऱ्यांच्या सांगण्याला ते हसत नाहीत आणि त्याला पुराव्याचा दर्जाही देत नाहीत. फिरतीवरच्या अधिकाऱ्याने कसे ऐकावे आणि कसे लिहावे, याचा तो वस्तुपाठ आहे.

माझ्या मते तंटे उद्भवतात ते या तीन वह्या एकमेकींत मिसळल्यामुळे. आख्यायिका गॅझेटियरमधून उचलून सातबाऱ्यावर आणली की ती मालकीचा दाखला बनू पाहते. ‘आमचा देव येथे येऊन गेला’ या वाक्यातून ‘म्हणून ही जागा आमची’ हे वाक्य निघते, आणि मग दुसऱ्याच्या देवाचे येणे नाकारणे भाग पडते. याउलट वहिवाट ही आख्यायिकेवर अवलंबून नसते. कार्तिकात यात्रेकरू कोणत्या वाटेने चढतात, दिवे कोठे लावतात, तलावावर कोण उतरते, जैन यात्रेकरू कोणत्या बाजूने येतात, या गोष्टी डोळ्यांनी दिसतात. त्यांच्या नोंदीसाठी राम येथे आला होता की नाही, हे ठरवण्याची गरज नसते.

पारसनाथचा धडा

हे केवळ तात्त्विक चर्वण नाही, हे झारखंडमधील पारसनाथ पर्वताच्या उदाहरणावरून दिसते. चोवीसांपैकी वीस तीर्थंकरांचे हे निर्वाणस्थान, जैनांचे सम्मेद शिखर. संथाळांसाठी तोच मरांग बुरू, सर्वश्रेष्ठ देवाचा डोंगर. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र शासनाने तेथील पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना काढली. तिच्यातील पर्यटनविषयक तरतुदींना जैन समाजाने विरोध केला आणि २०२२ च्या अखेरीस देशभर मोर्चे निघाले. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने त्या तरतुदींना स्थगिती दिली व मद्य-मांसबंदी कडकपणे पाळण्याचे निर्देश दिले. त्याच महिन्यात संथाळ समाज रस्त्यावर आला. डोंगर आमचाही आहे, आमच्या पूजेचे आणि सेंदरा या पारंपरिक शिकारीचे काय, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी आधार दिला तो १९११ च्या हक्कनोंदीचा, ज्यात त्यांची वहिवाट नोंदलेली होती.

यात कोणाची श्रद्धा खोटी नव्हती. आधी पर्यटनाचा आराखडा झाला, नंतर एका समाजाचे ऐकले गेले आणि दुसऱ्याला विचारायचे राहून गेले. शंभर वर्षांपूर्वीची वही आधी उघडली असती, तर निर्णय कदाचित तोच झाला असता, पण तो सर्वांना एकत्र बसवून झाला असता. गिरनारवरही नेमिनाथ आणि दत्तात्रेय यांच्या भक्तांमधील वाद एका शिखरावरील पादुकांपाशी अडून बसलेला आहे. रामटेकला असा प्रसंग आलेला नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ते समाधान गृहीत धरू नये. जेथे गर्दी वाढते, पैसा येतो आणि फलक लागतात, तेथे आख्यायिकेवर हक्क सांगण्याचा मोह वाढतो.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना तीन साध्या सूचना कराव्याशा वाटतात. तीर्थक्षेत्राचा आराखडा करण्यापूर्वी तेथे येणाऱ्या सर्व समाजांच्या वहिवाटींची यादी करावी. तिच्यात गुरे चारणारा आणि पाणी भरणाराही असावा. शासकीय फलकावर एकच कथा लिहू नये. जितक्या परंपरा तितक्या कथा, ‘असे मानतात’ या शब्दांसह द्याव्यात. रामटेकच्या फलकावर उत्तरकांडातील शंबूक आणि पउमचरियातील शंबूक शेजारीशेजारी आले, तर कोणाचेच काही कमी होणार नाही आणि वाचणारा थोडा वेळ थांबेल. तिसरी सूचना अशी, की पुरातत्त्वाचा निष्कर्ष श्रद्धेच्या निवाड्यासाठी वापरू नये. रामगिरी रामटेकलाच होता हे सिद्ध झाले, म्हणून सरगुजाच्या लोकांचा आषाढातला उत्सव खोटा ठरत नाही, आणि रतनपूरची रामटेकरी तर उघडच स्मृतीतून उभी राहिलेली आहे.

महाराष्ट्राबाहेरील आपण मराठी माणसे ही गोष्ट अधिक चांगली जाणू शकतो. आपल्या घरातील गणपती कोकणातला की वऱ्हाडातला, आपली बोली नागपुरी की पुणेरी, यावर आपण क्वचितच भांडतो. दुसऱ्याच्या मुलखात राहताना आपली कथा सांगायची आणि त्याची ऐकायची, एवढे आपल्याला सवयीने येते. शासनाच्या दप्तरानेही तेवढेच करावे. टेकडीवर दोन रामकथा नांदत आल्या आहेत. त्यांतील एक निवडण्याचे काम कोणत्याही कलेक्टरकडे सोपवलेले नाही. दोहोंची वाट मोकळी ठेवण्याचे काम मात्र निश्चितपणे त्याचे आहे.